लेण्यांतल्या भिक्षूंना झोप यायची का? : ध्यानाचा इतिहास आणि न जमण्याचा पुरावा

शिळफाटा म्हटलं की बहुतेकांना कल्याण-मुंब्र्याकडचा आठवतो. मी म्हणतेय तो खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. माझी मावशी तिथे राहते. कर्जत-खालापूर भागात फिल्डवर्कला गेले की मुक्काम तिच्याकडेच असतो. रात्रभर घाट चढणाऱ्या ट्रकचे आवाज येत राहतात, पण तिला त्याची सवय आहे.

मागच्या पावसाळ्यात तिने एका ध्यानवर्गाला जायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत सोडून दिलं. का सोडलंस, असं विचारलं तर आधी काही बोलेना. मग स्वयंपाक करता करता सांगत गेली. पहिले काही दिवस डोळे मिटले की सरळ झोप लागायची. मग एकदा मिटल्या डोळ्यांपुढे छान उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी तो दिसावा म्हणून जोर लावला, तर काहीच नाही. त्यानंतर एकदा बसल्या बसल्या एकदम भीती वाटली, छातीत धडधडलं. तेव्हापासून गेलीच नाही. "आपल्याला नाही जमलं बाई. मनच धड नसेल आपलं," असं म्हणाली. आणि मग मला विचारलं, "तू त्या लेण्यांवर एवढं लिहितेस, तर तिथे बसणाऱ्या भिक्षूंना झोप यायची का गं?"

मी हसले. पण मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं लेण्यांचा अभ्यास करूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. भूतकाळातल्या माणसाच्या आतल्या अनुभवाबद्दल इतिहासकार काही सांगू शकतो का?

दगड काय सांगतात

सुरुवात जवळच्या पुराव्यापासून करू. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडिवडे गावाच्या वरच्या अंगाला कोंडाणे लेणी आहेत. साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. एक चैत्यगृह, त्याला लागून विहार, विहारात मधे खांबांचं दालन आणि कडेने भिक्षूंसाठी कोरलेल्या लहान खोल्या. खोलीत उभं राहिलं की लगेच वाटतं, इथे बसून ध्यान करत असणार. मीही पहिल्या वर्षीच्या टिपणात बिनधास्त तसं लिहिलं होतं. "हे तुला कोणी सांगितलं?" एवढाच शेरा त्यावर मिळाला.

शेरा बरोबर होता. कोंडाण्याच्या चैत्यगृहाजवळ ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. त्याचा अर्थ असा, की कण्हाचा अंतेवासी म्हणजे शिष्य असलेल्या बलकाने हे केलं. बस्स. कोणी केलं ते कळतं, तिथे बसून कोण काय करत होतं ते कळत नाही. घाट चढून कार्ल्याला गेलात तर लेख जास्त आहेत, पण तेही मुख्यतः दानाचे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने शैलगृह पूर्ण केल्याची नोंद आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षुसंघाला वर्षावासाच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे. अन्न कुठून आलं, पैसा कोणाचा, याचा हा उत्तम पुरावा. पण त्या खोलीत रात्री एखादा तरुण भिक्षू पेंगत होता की नाही, हे दगड सांगत नाही.

ग्रंथांत झोपेची गोष्ट आहे

मग ग्रंथांकडे वळावं लागतं. तिथे मावशीचा प्रश्न अगदी समोर सापडतो.

पाली अंगुत्तर निकायाच्या सातव्या निपातात एक सुत्त आहे. मोग्गल्लान मगधातल्या एका गावी ध्यानाला बसलेला आहे आणि पेंगतो आहे. हा साधासुधा भिक्षू नव्हे, बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक. बुद्ध त्याला क्रमाने उपाय सांगतात. ज्या विचाराने पेंग आली तो सोड. ऐकलेला धम्म आठव. मोठ्याने म्हण. तरीही गेली नाही तर कान ओढ, हातपाय चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, चारी दिशांना बघ, आकाशातली नक्षत्रं बघ. मनात उजेडाची कल्पना कर. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप येतच असेल तर? तर उजव्या कुशीवर झोप, पण कधी उठायचं ते मनाशी ठरवून.

शेवटचा उपाय मला फार आवडतो. झोप आली म्हणून मोग्गल्लानला कोणी नापास केलेलं नाही.

उजेड दिसून नाहीसा होण्याचा प्रश्नही आहे. मज्झिम निकायातल्या १२८व्या सुत्तात अनुरुद्ध आणि त्याचे दोन सोबती बुद्धाला सांगतात, की आम्हाला प्रकाश आणि रूपं दिसतात, पण लगेच जातात, का ते कळत नाही. बुद्ध म्हणतात की बोधी मिळण्याआधी माझंही असंच होत होतं. मग ते अकरा कारणं सांगतात. त्यांत शंका आहे, आळस आहे, जास्त जोर लावणं आहे, कमी जोर लावणंही आहे. जास्त जोराला दृष्टांत आहे तो लाव्या पक्ष्याचा. दोन्ही हातांनी घट्ट आवळला तर तिथेच मरतो, सैल धरला तर उडून जातो. त्याच यादीत भीतीही आहे. तिचा दृष्टांत वाटसरूचा, दोन्ही बाजूंनी मारेकरी अंगावर आले तर त्याचं जे होईल ते.

झोप, उजेड, लावलेला जोर, भीती. मावशीने चुलीपाशी सांगितलेल्या चारही गोष्टी.

आणि हे फक्त बौद्ध ग्रंथांत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात ३०व्या सूत्रात नऊ अंतराय मोजले आहेत : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. शेवटचे दोन नीट बघा. एक म्हणजे पायरी हाती न लागणं, दुसरं म्हणजे लागलेली पायरी न टिकणं. आज दिसलं, उद्या गेलं, यालाच त्या परंपरेने पारिभाषिक नाव दिलेलं आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. पुढे तो आणखी बोचरा प्रश्न विचारतो : श्रद्धा होती पण मधेच योगापासून ढळला, अशा माणसाचं काय होतं? ज्ञानेश्वरीने शके १२१२, म्हणजे १२९० साली, हा अध्याय मराठीत आणला. त्यातलं कुंडलिनीचं वर्णन सगळ्यांच्या लक्षात राहतं. अर्जुनाची अडचण मात्र आपण पटकन ओलांडून जातो.

रस्त्याकाठचा विहार

आता शिळफाट्याला परत येऊ, कारण मावशीच्या घरातला ट्रकचा आवाजही या इतिहासात बसतो.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' लिहिला. ध्यानावरचा तो फार तपशीलवार ग्रंथ आहे. आपल्याला त्याबद्दल जवळीक वाटावी असं एक कारण आहे. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्याची देवनागरी आवृत्ती काढली, ती गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली. ध्यानावर मराठीत 'समाधिमार्ग' लिहिणारेही तेच.

या ग्रंथात ध्यानासाठी अयोग्य विहाराचे अठरा दोष दिले आहेत. फार मोठा विहार नको, अगदी नवा नको कारण बांधकामाची कामं मागे लागतात, मोडका नको कारण डागडुजी करावी लागते. पाण्याजवळ नको, लोक सतत येतात. जवळ शेतं नकोत, न पटणारी माणसं नकोत. आणि रस्त्याकाठचा नको, कारण रात्रंदिवस पाहुणे येत राहतात आणि त्यांची सोय बघण्यात वेळ जातो.

आता नकाशा उघडा. कोकणातली बंदरं आणि देशावरची गावं जोडणाऱ्या घाटवाटा, आणि त्यांच्या आसपास कोंडाणे, कार्ले, भाजे, बेडसे. सह्याद्रीतली कितीतरी लेणी व्यापारी वाटांच्या जवळ आहेत. दान देणारे व्यापारी वाटेवरच भेटणार. म्हणजे विहाराला जगवणारा रस्ताच ग्रंथाच्या हिशेबाने ध्यानात अडथळा ठरतो. हे दिसलं तेव्हा मला वाटलं, सापडला प्रबंध!

पण इथेच थांबायचं असतं. कोंडाणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं, विसुद्धिमग्ग त्यानंतर पाचेकशे वर्षांनी, समुद्रापलीकडे लिहिलेला. एकाचा नियम दुसऱ्यावर लावून 'कोंडाण्याच्या भिक्षूंना पाहुण्यांचा त्रास होता' असं लिहिता येणार नाही. एवढंच म्हणता येतं, की एकाग्रता आणि वर्दळ यांचा ताण बौद्ध परंपरेला ठाऊक होता, आणि या लेण्यांच्या जागा तो ताण निर्माण होईल अशा आहेत. वाक्य लहान झालं खरं, पण ते टिकतं.

प्रश्न हा पुरावा कसा होतो

तरीही एक मोठा आक्षेप उरतो. रॉबर्ट शार्फ यांनी १९९५ मध्ये एक लेख लिहिला, तो या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की धर्माच्या केंद्रस्थानी 'अनुभव' असतो ही कल्पना बरीचशी आधुनिक आहे. ध्यानाचे जुने ग्रंथ म्हणजे कोणाच्या अनुभवाची रोजनिशी नव्हे. ते ग्रंथ घोकले जात, पूजले जात. त्याआधी, १९९१ मध्ये, ग्रेगरी शोपेन यांनी बजावलं होतं की भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास लिहिताना अभ्यासक ग्रंथांवर फार विसंबतात आणि शिलालेखांना दुय्यम मानतात.

दोघांचंही मला बऱ्याच अंशी पटतं. पण मला वाटतं, ग्रंथातलं सिद्धीचं वर्णन आणि ग्रंथातली अडचण यांचं वजन सारखं नसतं. अमुक टप्प्यावर अमुक दिव्य दर्शन होतं, असं लिहिण्यात परंपरेचा मान वाढतो. पण आपला थोर शिष्य पेंगत होता, हे जपण्यात तिचा काय फायदा? अशी अडचणीची नोंद पिढ्यानपिढ्या पाठ करून टिकवली गेली, याचं सोपं कारण म्हणजे ती ऐकणाऱ्यांना लागत होती. उपायांचा क्रमही तेच सुचवतो. कान ओढ, पाणी मार, असं सांगणाऱ्याला पेंगणारी माणसं माहीत असतात.

यावरून मोग्गल्लान त्या रात्री खरंच पेंगला हे सिद्ध होत नाही. पेंगणं ही ध्यान करणाऱ्या समूहाची ओळखीची, बोलून दाखवण्याजोगी अडचण होती, एवढं मात्र म्हणता येतं. आणखी एक सावधगिरी : योगसूत्रं आणि बौद्ध ग्रंथ यांची परिभाषा एकमेकांत मिसळलेली आहे. त्यामुळे 'दोन स्वतंत्र साक्षीदार' म्हणून त्यांना उभं करू नका. परीक्षक तिथेच पकडतील.

घाटमाथ्यावरची प्रयोगशाळा

विसाव्या शतकात पुराव्याची जात बदलली, आणि तेही इथेच, घाटाच्या वर. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. क्ष-किरण आणि दाब मोजण्याची यंत्रं वापरून नौली, उड्डियान अशा क्रियांत शरीरात काय होतं ते त्यांनी तपासलं. साधकाच्या शब्दाच्या जोडीला आकडा आला. शरीरातला दाब मोजता आला. 'मला भीती वाटली' हे वाक्य मात्र साधकाने सांगावंच लागतं.

म्हणून अलीकडचं संशोधन पुन्हा विचारण्याकडे वळलेलं दिसतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने पाश्चात्त्य देशांतल्या सुमारे ६० बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानातले अवघड अनुभव कोणते, हाच त्यांचा प्रश्न. त्यांनी ५९ प्रकार सात गटांत मांडले. त्यांत भीती आहे, झोपेतले बदल आहेत, उजेड दिसणं आहे. हे अनुभव अपवाद म्हणून बाजूला टाकायचे नाहीत, नोंदवायचे, ही त्या अभ्यासाची भूमिका.

मावशीला काय सांगितलं

पुढच्या खेपेला मी तिला मोग्गल्लानची गोष्ट सांगितली. कान ओढण्यापर्यंत आले तशी ती हसायला लागली. अनुरुद्धाचा उजेड सांगितला तेव्हा मात्र गप्प झाली. "म्हणजे त्यांनी विचारलं तरी," ती म्हणाली. "मी कोणाला विचारलंच नाही. सगळे एवढे शांत बसलेले असायचे, वाटायचं फक्त माझंच बिघडलंय." छातीतल्या धडधडीसाठी आधी डॉक्टरांना दाखव, असं मी बजावलं. ते तिने केलं. पुन्हा ध्यानाला बसायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल.

ज्यांना जमलं त्यांचे आश्रम झाले, चरित्रं झाली. खोपोलीतच गगनगिरी महाराजांचा आश्रम आहे, दुरून माणसं दर्शनाला येतात. ज्यांना जमलं नाही ती माणसं घरी गेली, आणि आपलंच मन धड नाही असं समजत राहिली. त्यांची स्वतंत्र नोंद शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. ती सापडतात दुसऱ्यांना दिलेल्या उपायांत, दोषांच्या यादीत, शिष्याच्या तोंडी घातलेल्या प्रश्नात.

तेव्हा तुमचा विषय कोणताही असो, शेती, शिक्षण, वैद्यक, साधनं वाचताना एक वेगळी वही ठेवा. या मजकुराने कोणती अडचण गृहीत धरली आहे, एवढंच तिच्यात लिहीत जा. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य मावशीचं आहे. संदर्भ म्हणून ते प्रबंधात कसं द्यायचं, हे अजून ठरलेलं नाही.