आपल्या वाट्याचे काम

देहूच्या मोरे घराण्यात पिढीजात सावकारी होती. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तुकोबाराय ऐन तारुण्यात होते. त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली, व्यापार बुडाला. पुढे महाराजांनी लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा निसटते. धाकटे बंधू कान्होबा यांनी प्रपंचाचा विचार करून आपला अर्धा वाटा मागितला. महाराजांनी तो देऊन टाकला आणि बुडविली ती स्वतःच्या वाट्याची खते. भावावर सक्ती नाही, राजाकडे गाऱ्हाणे नाही. संकट साऱ्या मुलखावर होते. महाराजांनी एवढेच पाहिले, की यातले माझ्या हातात काय आहे?

आपत्तीच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

१९६१ चा जुलै. ज्येष्ठ संपत आला होता. तिथीप्रमाणे पालख्या पुणे सोडून पंढरीच्या वाटेवर होत्या. पुण्याच्या वर पानशेत येथे आंबी नदीवर मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरते झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडविले गेले. पाणी चढले आणि भराव खचू लागला. तेव्हा लष्कराचे जवान तेथे पोहोचले. मुसळधार पावसात, अंधारात, खचणाऱ्या भरावावर उभे राहून त्यांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पायाखालची माती जाते आहे हे त्यांना दिसत नव्हते काय? दिसत होते. तरी हात थांबले नाहीत.

धरण वाचले नाही. १२ जुलैला सकाळी ते फुटले. दुपारी खाली खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांत घरेच्या घरे कोसळली. मग त्या पोत्यांचा उपयोग काय झाला? उपयोग एवढाच, की पाणी रात्री आले नाही, दिवसा आले. झोपेत गाठले गेले असते असे हजारो लोक उजेडात पळू शकले. जवानांच्या वाट्याला धरण वाचविणे नव्हते. एक रात्र थोपवून धरणे होते. ती त्यांनी धरली.

त्याच दिवसाचा दुसरा धडा कडू आहे. पूर येतो आहे ही खबर सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. जवानांनी मिळवून दिलेले तास पुष्कळांच्या बाबतीत वायाच गेले. हात राबले, पण खबर पोचविण्याचे काम अपुरे पडले.

खबरेचे मोल काय, हे माळीणने दाखविले. ३० जुलै २०१४. श्रावण नुकताच लागला होता. आंबेगाव तालुक्यात डोंगराचा कडा सुटला आणि सकाळी झोपेतून उठणारे गाव चिखलाखाली गेले. ओरडायलाही कोणी उरले नव्हते. एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, तर समोर गावच नाही. त्याच्याकडे ना यंत्र, ना माणसे. त्याने जे पाहिले ते कळविले. तिथून मदतीची चाके फिरली. दीडशेहून अधिक माणसे गेली. पण तीन महिन्यांचे एक तान्हे बाळ आणि त्याची आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली.

तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान भर पावसात दिवसेंदिवस चिखल उपसत होते. या दलाच्या पुण्याजवळच्या तुकडीचा तळ सुदुंबऱ्याला आहे. वारकऱ्याला हे गाव वेगळे सांगायला नको. महाराजांचे टाळकरी संताजी महाराज जगनाडे यांची समाधी तेथेच. ज्यांनी महाराजांची वाणी लिहून जपली, त्यांच्या गावातून आज माणसे जपायला जवान निघतात.

पण दल कितीही तत्पर असले तरी त्याला वाट चालावी लागते. पहिला तास असतो शेजाऱ्याचा, दिंडीतल्या सोबत्याचा. म्हणून हा विचार वारीच्या वाटेवर आणावासा वाटतो. आपल्या दिंडीत माणसे किती, हे विणेकऱ्याला ठाऊक असते. रात्री मुक्कामाला ती पुन्हा मोजली जातात का? वरच्या धरणातून पाणी सोडल्याची सूचना झाली, की चंद्रभागेच्या काठावरूनच हात जोडून स्नानाचे समाधान मानायची आपली तयारी आहे का? कोणी बुडताना दिसला आणि आपल्याला नीट पोहता येत नसेल, तर उडी टाकू नये. एकाचे दोन होतात. दोर फेकावा, काठी पुढे करावी, नावाड्याला हाक मारावी, ११२ ला फोन करावा. एवढे केले तरी आपला वाटा उचलला.

संकट आले, की आपण चटकन म्हणतो, पांडुरंगाची इच्छा. इच्छा त्याची खरीच. पण हात त्याने आपल्याला दिले आहेत. स्वतः तो कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि आपण काय करतो ते पाहतो आहे. खते बुडविताना महाराजांनी भावाच्या वाट्याकडे पाहिले नाही. आपणही दुसऱ्याने काय करायला हवे होते याचा हिशेब मागाहून करू. आधी आपला वाटा उचलू.

रामकृष्णहरि.