लेसोथो १९९८ : ८० पैकी ७९

आफ्रिकेतील वादग्रस्त निवडणुकांचा इतिहास वाचताना आपण सहसा मतपेटीतील लबाडी शोधतो. लेसोथोची १९९८ची संसदीय निवडणूक ही सवय तपासून पाहायला लावते.

चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या छोट्या राजेशाहीत निकालावरचा अविश्वास जुना होता. १९७०मध्ये पराभव दिसू लागताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी संविधान स्थगित करून सत्ता हातची जाऊ दिली नाही. १९८६मध्ये लष्कराने त्यांना हटवले. १९९३मध्ये पुन्हा बहुपक्षीय निवडणूक झाली, तेव्हा बासुटोलँड काँग्रेस पार्टीने सर्वच्या सर्व ६५ जागा जिंकल्या. १९९७मध्ये पंतप्रधान न्त्सू मोखेह्ले बहुसंख्य खासदारांसह तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी ‘लेसोथो काँग्रेस फॉर डेमॉक्रसी’ स्थापन केली.

मे १९९८मध्ये या नव्या पक्षाला सुमारे ६० टक्के मते मिळाली. जागा मात्र ८० पैकी ७९. जोनाथन यांच्या जुन्या बासोथो नॅशनल पार्टीच्या वाट्याला सुमारे २४ टक्के मतांवर एकच जागा आली. विरोधकांनी गैरप्रकाराचा आरोप केला. आंदोलक राजवाड्यासमोर ठाण मांडून बसले. न्यायमूर्ती पायस लांगा यांच्या चौकशीत त्रुटी आढळल्या. निवडणूक अवैध ठरवण्याइतका निर्णायक पुरावा मात्र मिळाला नाही. २२ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेचे आणि पाठोपाठ बोट्स्वानाचे सैन्य देशात शिरले. माणसे मेली, राजधानी मासेरूची बाजारपेठ जळाली.

विरोधकांची अन्यायाची जाणीव खोटी नव्हती. परंतु त्याचे मूळ मतमोजणीपेक्षा नियमात होते. मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, ही ब्रिटिश परंपरेतील पद्धत आपल्या लोकसभेलाही लागू आहे. मतांचे विभाजन देशभर सारखे असेल, तर दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष सर्वत्र दुसराच राहतो आणि सभागृहातून जवळपास नाहीसा होतो. एकाही मताची चोरी न होता चाळीस टक्के मतदार अशा रीतीने जवळजवळ आवाजहीन होऊ शकतात.

लेसोथोने यातून धडा घेतला. २००२मध्ये ८० मतदारसंघांना मतांच्या प्रमाणात वाटल्या जाणाऱ्या ४० जागांची जोड देण्यात आली. सत्ताधाऱ्यांना १२० पैकी ७७, तर नॅशनल पार्टीला २१ जागा मिळाल्या. पुढे २००७मध्ये मोठ्या पक्षांनी छोट्या मित्रपक्षांच्या आडून या तरतुदीतूनही पळवाट काढली आणि वाद पुन्हा पेटला. तरीही १९९८चे महत्त्व उरतेच : निवडणूक प्रामाणिक असणे आणि ती न्याय्य असणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.