राजा, गुरुबंधू आणि ग्रंथ : नरेंद्र व भास्करभट्ट बोरीकर यांच्या दोन निर्णयांविषयी

लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये उभा राहून हस्तलिखितात बदल सुचविणारा व्यावसायिक मध्यस्थ लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आला. मराठीत असा स्वतंत्र व्यवसाय कधी रुजलाच नाही. त्याचे काम संपादकाने, प्रकाशकाने किंवा एखाद्या ज्येष्ठ स्नेह्याने केले. मात्र ग्रंथ वाचकापर्यंत कोणाच्या हातून जावा आणि त्या हाताने ग्रंथात काय बदलावे, हा प्रश्न मराठी ग्रंथरचनेइतकाच जुना आहे. महानुभाव परंपरेने या संदर्भात दोन आख्यायिका जपल्या आहेत. पहिली देवगिरीच्या दरबारातील आहे. दुसरी ज्याच्याविषयी आहे, त्या भास्करभट्टाचे गाव परभणी जिल्ह्यातील बोरी मानले जाते. या दोन्ही आख्यायिकांचे उल्लेख वाङ्मयेतिहासांतून वारंवार येतात. परंतु त्या एकमेकींशेजारी ठेवून क्वचितच वाचल्या गेल्या आहेत.

नरेंद्राची कथा स्मृतिस्थळात येते. यादव नृपती रामदेवराव (इ.स. १२७१–१३११) याच्या सभेत नरेंद्राने आपले 'रुक्मिणीस्वयंवर' वाचून दाखविले. राजाला काव्य आवडले. त्यावर आपल्या नावाची मुद्रा घालावी आणि ओवीगणिक सुवर्णनाणे घ्यावे, असा प्रस्ताव त्याने मांडला. नरेंद्राने तो नाकारला. कविकुळाला बोल लागेल, हे त्याचे कारण होते. पोथी राजाच्या ताब्यात जाणार हे दिसताच त्याने आणि त्याच्या भावांनी एका रात्रीत जमेल तेवढे काव्य स्मरणात साठविले व उतरून काढले. पुढे तो नागदेवाचार्यांकडे आला. दीर्घकाळ परिचित असलेली या काव्याची संहिता ८७९ ओव्यांची आहे. अर्धे काव्य गमावल्याची आठवण कथेने जपली आहे. हे काव्य सामान्यतः शके १२१४ (इ.स. १२९२) च्या सुमाराचे धरले जाते.

राजाने कथानकात, वर्णनात किंवा छंदात कोणताही फेरफार मागितला नव्हता. त्याला हवे होते ते केवळ नाव. बाह्यतः पाहता, मजकुराला धक्का न लावणारी याहून सौम्य दुरुस्ती संभवत नाही. असे असूनही नरेंद्राने तेवढ्यासाठी अर्धे काव्य गमावणे पत्करले. मध्ययुगीन काव्यात मुद्रा ही आजच्या मुखपृष्ठावरील नावासारखी ग्रंथाबाहेरची गोष्ट नाही. ती ओवीतच असते, आणि वक्ता कोण, कोणापुढे बोलतो, हे तिच्यामुळेच ठरते. मुद्रा बदलली की रुक्मिणीचे आख्यान तेच राहते, परंतु ते सांगणारा बदलतो.

भास्करभट्टाची कथा वेगळ्या घाटाची आहे. त्याने 'शिशुपाळवध' रचला. आधाराला भागवताचा दशमस्कंध आणि माघाचे संस्कृत महाकाव्य असले, तरी कवीचे मन रमते ते कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारात. ग्रंथ पंथातील एका ज्येष्ठ गुरुबंधूपुढे ठेवला गेला. त्याचा अभिप्राय परंपरेने नोंदविला आहे : ग्रंथ उत्तम झाला, परंतु तो निवृत्तांजोगा नाही, शृंगाराची आवड असणाऱ्या प्रवृत्तांजोगा आहे. यानंतर भास्करभट्टाने भागवताच्या एकादशस्कंधावर 'उद्धवगीता' रचली. १०८७ ओव्यांच्या पहिल्या ग्रंथामागून ८२७ ओव्यांचा हा दुसरा ग्रंथ आला. दोन्हींचा काळ आज सामान्यतः शके १२३४ व १२३५ (इ.स. १३१२–१३) असा धरतात, तो बराच मागे नेणारे मतही आहे.

या अभिप्रायाचे पंथीय संकुचितपणाचा दाखला म्हणून वाचन करण्याची सवय मराठी समीक्षेला जडली आहे. कलावंताच्या रसिकतेला वैराग्याने घातलेला लगाम, असे त्याचे चित्र रंगविले जाते. हे चित्र सोयीचे आहे, पण अभिप्रायाच्या शब्दांना धरून नाही. गुरुबंधूने ग्रंथातील काही काढा असे म्हटलेले नाही. त्याने ग्रंथाच्या गुणाविषयी एक विधान केले आणि त्याच्या वाचकाविषयी दुसरे. भास्करभट्टानेही पहिल्या ग्रंथाला हात लावला नाही. दुसऱ्या वाचकासाठी दुसरा ग्रंथ लिहिला. परंपरेने 'शिशुपाळवधा'चा जो पाठ राखला तो शृंगारासहितच. उभय काव्यांना 'साती ग्रंथां'मध्ये मान मिळाला आणि निवृत्तांजोगा नसलेला ग्रंथ पिढ्यान्पिढ्या निवृत्तांनीच उतरून जपला, ही या इतिहासातील एक गमतीची बाब आहे.

'उद्धवगीते'च्या निर्मितीचे कारण सांगण्यासाठी ही कथा नंतर रचली गेली असेल, अशी शंका घेता येते. शृंगारकाव्य लिहिणारा कवी पुढे पंथाचा आचार्य झाला आणि कवीश्वर आम्नायाला त्याच्यामुळे नाव लाभले. अशा पुरुषाच्या पहिल्या काव्याचे समर्थन अनुयायांना आवश्यक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कथा रचलेली मानली तरी प्रश्न उरतोच. समर्थनच करावयाचे होते, तर कवीने ग्रंथ सुधारून घेतला असे सांगणे अधिक सोपे होते. परंपरेने तसे सांगितले नाही.

दोन्ही कवींपुढील निवड मात्र सारखी नव्हती. नरेंद्रापुढे दरबार आणि पंथ असे दोन दरवाजे होते, आणि १२९२ च्या सुमारास दरबार वैभवात होता. शके १२३४ हा काळ मान्य केला, तर भास्करभट्टाच्या वेळी देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी (१२९६) होऊन गेली होती, रामदेवराव निवर्तला होता आणि १३१८ मध्ये यादव राज्यच संपुष्टात येणार होते. भास्करभट्टाला उठून जाण्यासारखे दुसरे ठिकाणच फारसे उरले नव्हते. त्याच्या संयमाचे श्रेय केवळ त्याच्या स्वभावाला देणे म्हणूनच अपुरे ठरते. पंथाने त्याला दुरुस्तीची अट घातली नाही, याचे मोल अशा परिस्थितीत अधिकच वाढते.

असे का घडले असावे, याचा काही उलगडा लीळाचरित्राच्या पाठपरंपरेत मिळतो. स्वामींची वचने नागदेवाचार्यांच्या स्मरणातून म्हाइंभटाने मिळविली; मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाल्यावर ती शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. या प्रतींत निरनिराळ्या आठवणी 'अमक्याची वासना' म्हणून नावानिशी नोंदविलेल्या आढळतात. एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी ते शेजारी शेजारी ठेवण्याची ही रीत आहे. 'शिशुपाळवधा'शेजारी 'उद्धवगीता' ठेवणे त्याच वळणाचे दिसते. (सर्वच पोथ्यांत ही शिस्त सारखी पाळली गेली, असे अर्थातच म्हणता येणार नाही.)

पुढे पंथाने आपले वाङ्मय सकळ लिपीत बंद केले. मध्यस्थांचा प्रश्न त्यामुळे काही शतके बाहेरच्या जगापुरता मिटलाच. पोथी वाचता येणाराच नव्हता, तेथे दुरुस्ती सुचविणार कोण? विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली आणि हे ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आले. भास्करभट्टावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या वि. भि. कोलते यांनी पुढे 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' या दोहोंचे संपादन केले. पाठभेदांतून एक पाठ निवडण्याचे, आणि उरलेले कोठे ठेवावयाचे ते ठरविण्याचे काम आता संपादकाकडे आले होते.