मुकर्रर म्हणण्याची सोय

मुशायऱ्यात एखादा शेर काळजाला भिडला की श्रोते ‘मुकर्रर’ म्हणतात. म्हणजे पुन्हा एकदा. शायर तो शेर पुन्हा वाचतो आणि बऱ्याचदा दुसऱ्या वाचनात तो अधिक उलगडतो. टेलिव्हिजनवर मुशायरा आला तेव्हा ही सोय गेली. घरात बसून कितीही दाद द्या, पडद्यावरचा शायर पुढच्या शेराकडे निघून जातो. घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवण्याचा जो इतिहास आहे, व्हिडिओ कॅसेटपासून सेट टॉप बॉक्सला जोडलेल्या हार्ड डिस्कपर्यंतचा, तो मला या गेलेल्या सोयीचा इतिहास वाटतो. मी नागपूरला उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे हा विषय मी याच दोन भाषांच्या बाजूने पाहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

उपग्रहावरून कार्यक्रम येण्याची आपल्या देशातली पहिली मोठी गोष्ट १९७५ची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. उपग्रह होता अमेरिकेच्या नासाचा, एटीएस-६. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. मध्य प्रदेश होता, आणि तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या रायपूरकडची खेडी त्यात होती. म्हणजे मुंबई-हावडा लोहमार्गावर आमच्या पुढच्या गावांना आकाशातून शाळेचे धडे मिळत होते आणि नागपूर मधेच कोरडे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, खाली एक संच आणि पुढे अख्खे गाव. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी: शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन.

वर्ष संपले आणि उसना आणलेला उपग्रह परत गेला. गावांच्या हाती त्या कार्यक्रमांतले काहीच राहिले नाही. राहणार तरी कसे? घरी वापरायचे व्हीएचएस यंत्र जपानमध्ये बाजारात आले तेच मुळी १९७६ साली. आकाशातून येणारी गोष्ट आली तशी जाते, हे भारतीय प्रेक्षकाने पहिल्याच वर्षी पाहिले होते.

पुढे १९८३ साली इन्सॅट-१बी गेला. आपल्या स्वतःच्या उपग्रहावरून खेड्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले. त्या योजनेत महाराष्ट्रातून निवड झाली ती नागपूरची, आणि इथे उपग्रह दूरदर्शन केंद्र आले. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरचा मनोरा ठाऊक असतो. तिथून काय काय प्रसारित झाले हे मात्र कोणालाच धड सांगता येत नाही. याला कारण आहे. त्या काळात टेप महाग होती. दूरदर्शनमध्ये अनेक कार्यक्रम एकदा दाखवून झाले की टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यायचे. यात आपलाच काही विशेष करंटेपणा नव्हता. श्रीमंत बीबीसीनेही आपल्या गाजलेल्या मालिकांचे भाग असेच पुसले आणि नंतर जगभर शोधत बसले.

पुसताना निवड होतेच. रामायण (१९८७-८८) जपले गेले, म्हणून २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमध्ये ते पुन्हा दाखवता आले. महाभारतही राहिले, ज्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले होते. (वर्गात हे सांगितले की दरवर्षी एखादा मुलगा विश्वास ठेवत नाही.) गुलजारांची ‘मिर्झा ग़ालिब’ राहिली, कारण तिला मागणी होती. मागणी नसलेल्या गोष्टी धोक्यात असतात: तालुक्याच्या कवीचे अर्ध्या तासाचे काव्यवाचन, धानावरच्या रोगाची चर्चा, एखाद्या हकीमसाहेबांची मुलाखत. आपल्या प्रादेशिक भाषांचे रोजचे जगणे नेमके याच कार्यक्रमांत होते.

मग हे ठेवले कोणी? काही प्रमाणात घरांनी. ऐंशीच्या दशकात आमच्या मोहल्ल्यात व्हीसीआर म्हणजे मुख्यतः भाड्याची वस्तू. व्हिडिओवाला रंगीत टीव्ही आणि यंत्र आणून द्यायचा, एका रात्रीत तीन सिनेमे. स्वतःचा व्हीसीआर असायचा तो ज्यांच्या घरचे कोणी आखाती देशात कामाला होते त्यांच्याकडे. टीव्ही घरात असावा की नसावा यावरच जिथे वाद चालायचे, तिथे रेकॉर्डिंगची चैन दूरच. ज्यांनी केले त्यांनाही तीन तासांची एक कॅसेट पुरवून वापरावी लागे. क्रिकेटवर मुशायरा, मुशायऱ्यावर सिनेमा. उरलेल्या कॅसेटांना पावसाळ्यात बुरशी धरायची.

याच काळात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई घरी टीव्हीच्या बातम्या रेकॉर्ड करत बसल्या होत्या. मूळच्या ग्रंथपाल. १९७९च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली आणि २०१२ साली मरेपर्यंत थांबल्या नाहीत. मागे सुमारे ७१,००० कॅसेटा राहिल्या. शेजाऱ्यांना हे वेड वाटले असणार. आज त्या कॅसेटा इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. घरी रेकॉर्ड करणे हा गुन्हा नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात सांगितले होते, तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने.

आमच्या दोन भाषांचे दिवस पालटले ते खासगी वाहिन्यांनी. जुलै २०००मध्ये ईटीव्ही मराठी आली आणि १५ ऑगस्ट २००१ला ईटीव्ही उर्दू. हैदराबादच्या एकाच समूहाने दोन वर्षांच्या आत मराठीला आणि उर्दूला एकेक घर दिले. ज्या भाषेला दूरदर्शनवर मोजके तास मिळत, तिच्यात आता रात्रंदिवस बोलले जात होते. २००६ साली डीडी उर्दूही आली. पण वाहिन्याही कायमच्या नसतात. ईटीव्ही मराठीची २०१५ साली कलर्स मराठी झाली, ईटीव्ही उर्दूची पुढे न्यूज१८ उर्दू. पाटी बदलली की जुन्या साठ्याचे काय होते हे प्रेक्षकाला कोणी कळवत नाही.

तोवर घराच्या गच्चीवर छत्री आली होती. १६ डिसेंबर २००४ला दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सुरू झाली. महिन्याचे भाडे नाही, एकदा छत्री आणि डबा घेतला की झाले. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात आणि ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येते. नागपूर ७९ अंशांवर, म्हणून आमच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून, जवळजवळ साठ अंश वर पाहत असतात. डिशवाल्याला हे आकडे माहीत नसतात. तो शेजारच्या भिंती आणि सूर्य पाहून अचूक लावतो.

या डब्यांना मागे यूएसबीचे छिद्र आले आणि खरा बदल झाला. उपग्रहावरून आता चित्र येत नाही, आकडे येतात. व्हीसीआर त्या चित्राची नक्कल करायचा आणि दर नकलेला चित्र फिके पडायचे. डब्याला नक्कल करावीच लागत नाही. वरून आलेला प्रवाह तो जसाच्या तसा हार्ड डिस्कवर ओततो. हा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांचा असतो आणि तो कुठूनही सुरू करता येतो, आधीचा भाग नसला तरी अडत नाही. उर्दूच्या शिक्षकाला याची उपमा शोधावी लागत नाही: गझलेचा प्रत्येक शेर असाच स्वतंत्र उभा असतो. वीज गेली, रेकॉर्डिंग मधेच तुटले, तरी तोवरचे बहुधा वाचते. विदर्भाने भारनियमनाची जी वर्षे काढली, ती आठवली की याचे मोल कळते.

हिशेबही पाहा. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर तासाला १.८ जीबी होतात. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर साडेपाचशे तास. तीन तासांच्या १८० हून अधिक कॅसेटा, शर्टाच्या खिशात. जुन्या एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही, म्हणून डबा लांब मुशायऱ्याचे तुकडे करतो. एवढीच कटकट.

पण ही सोय सगळ्यांना सारखी मिळाली नाही, आणि इथे मला माझ्या थोरल्या मामूंबद्दल सांगितले पाहिजे. मामू रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एका खासगी कंपनीचा रेकॉर्डिंगवाला डबा घेतला आणि बर्डीवरून एक टीबीची हार्ड डिस्क आणली. पाच वर्षे ते रात्री उशिराचे मुशायरे जमवत राहिले. निदा फ़ाज़ली, राहत इंदौरी हे होतेच, पण ते आज मोबाइलवरही सापडतात. मामूंचा जीव होता तो मधल्या फळीतल्या शायरांवर. कामठीचे, मालेगावचे, बुऱ्हाणपूरचे, अमरावतीचे. दिवसा यंत्रमागावर किंवा दुकानात असणारे, एखाद-दोन वेळाच कॅमेऱ्यासमोर आलेले. त्यांतले काही आता हयात नाहीत.

एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि डबा जळाला. कंपनीने नवा डबा दिला. त्याने डिस्क पाहिली आणि विचारले, फॉरमॅट करायची का? मी ती संगणकाला लावली. संगणकानेही तेच विचारले. डिस्क धडधाकट होती, सगळे तास तिच्यावर होते. पण प्रत्येक रेकॉर्डिंग त्या जळालेल्या डब्यातल्या चिपच्या चावीने कुलूपबंद केलेले होते. तक्रार केंद्रातल्या मुलीने नम्रपणे सांगितले की रेकॉर्डिंग त्या डब्यापुरतेच असते. मामू ऐकून म्हणाले, “बेटा, ताला तो सलामत है, चाबी वाला मर गया.”

मी त्यानंतर कायदा वाचला. भारताच्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्पष्ट म्हणते की प्रसारित कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केले तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. तो हक्कही पंचवीस वर्षांचाच. २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. हक्क मोडण्याच्या हेतूने असे कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडायला आडकाठी नाही. त्यासाठी दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मात्र त्याचे नाव, पत्ता, तपशील नोंदवून ठेवायचा. म्हणजे मामूंना मुशायरा ठेवण्याचा हक्क आहे, कुलूप उघडण्याचीही मुभा आहे, आणि नोंदवही ठेवायला मी तयार आहे. फक्त ते कुलूप उघडू शकेल असा माणूस बर्डीवर नाही. कागदावरची मुभा आणि हातातली वस्तू यांत एवढे अंतर असेल, तर ती मुभा कोणासाठी आहे हे विचारले पाहिजे. पैसे भरून घेतलेल्या डब्यात कुलूप, आणि फुकटच्या सरकारी छत्रीखाली बाजारातल्या साध्या डब्यावर केलेले रेकॉर्डिंग मोकळे! भाडे भरणाऱ्याची आठवणही भाड्याचीच ठरते, असा हा व्यवहार आहे.

शाळेत म्हणून आम्ही साधा डबाच वापरतो. डीडी उर्दू आणि सह्याद्रीवरचे कार्यक्रम आधी एका डिस्कवर घेतो आणि लगेच दुसरीवर उतरवतो, कारण हार्ड डिस्क मरते तेव्हा बहुधा सांगून मरत नाही. नागपूरला वेगळी काळजीही घ्यावी लागते. अनेक पोर्टेबल डिस्कच्या कागदावर चालू तापमानाची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि कूलरसमोर ठेवावी तर दमट वारा लागतो. एप्रिलपासून जूनपर्यंत आम्ही रेकॉर्डिंग पहाटेचेच करतो. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा काही मिनिटे पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. मुलांना भूगोल शिकवायला तेही बरे पडते.

डिस्कसोबत एक वही आहे. नववीच्या मुली ती लिहितात: तारीख, वाहिनी, फाइलचा क्रमांक, वाचणाऱ्याचे नाव, तरन्नुममध्ये की तहतमध्ये. फाइल कितीही जपली तरी आत कोण आहे हे लिहिले नाही तर ती हरवल्यातच जमा, हे त्यांना पहिल्याच महिन्यात उमगले. सूत्रसंचालकाने नाव घेतले तेव्हा रेकॉर्डिंग सुरू झालेले नव्हते, अशा चार-पाच नोंदी वहीत आहेत. एकीसमोर एका मुलीने लिहिले आहे: नाव माहीत नाही, म्हातारे आहेत, खोकतात, दुसरा शेर दोनदा वाचला.