डीमार्ट
सवलतीच्या दरात नित्योपयोगी वस्तू विकणारी भारतातील एक अग्रगण्य किरकोळ विक्री-साखळी. राधाकिशन दमाणी यांनी स्थापन केलेल्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीने २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे तिचे पहिले दालन उघडले. डाळ, साखर, साबण यांसारख्या रोज लागणाऱ्या वस्तू केवळ सणासुदीला नव्हे, तर बारमाही छापील किमतीपेक्षा कमी दरात विकणे, हे तिच्या व्यवसायाचे मूळ सूत्र होय. प्रत्येक नगामागील नफा थोडा असला, तरी माल झपाट्याने खपत असल्याने साठ्याची उलाढाल, म्हणजे साठा विकला जाऊन पुन्हा भरला जाण्याची गती, वाढते व तेच भांडवल वर्षभरात अनेकदा कामी येते. पुरवठादारांची देयके लवकर चुकती केल्याने खरेदीत अधिक सूट मिळते, तर बहुतेक दालने स्वमालकीच्या जागेत असल्याने भाड्याचा भार टळतो. मात्र जागाखरेदीत मोठे भांडवल अडकून पडत असल्याने विस्ताराचा वेग मर्यादित राहतो. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना विकलेला कंपनीचा समभाग शेअर बाजारात नोंदणीच्या दिवशीच दुपटीहून अधिक भावाने खुला झाला. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ३६५ दालने असलेल्या या कंपनीचा एकत्रित महसूल ५०,००० कोटी रुपयांवर गेला आणि निव्वळ नफा त्याच्या सुमारे ५ टक्के होता.