न उडालेला बार

मराठीत सुरुंग लागतात ते मुख्यतः राजकारणात. कुणाच्या तरी बालेकिल्ल्याला कुणीतरी सुरुंग लावल्याचे दर निवडणुकीत वाचायला मिळते, आणि गाजावाजा करून लावलेला सुरुंग उडालाच नाही, तर तो 'फुसका बार' ठरतो. फुसक्या बारावर हसावे, असा आपल्या भाषेचा संकेत आहे. बार हा शब्द बंदुकीचा, तसाच खाणीचाही. पण खाणीत फुसक्या बारावर कुणी हसत नाही. उडालेल्या सुरुंगाचे काम तिथे संपलेले असते. न उडालेल्याचे भय त्यानंतर सुरू होते. सुरुंगांच्या इतिहासाकडे उडालेल्या बारांच्या बाजूने पाहिले की बोगदे, धरणे आणि रेल्वेमार्ग दिसतात. न उडालेल्या बाराच्या बाजूने पाहिले की माणसे दिसू लागतात. या लेखात दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे.

'सुरुंग' या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. संस्कृतातील 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. हा शब्द पोकळ नळीचा अर्थ असलेल्या ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि 'अर्थशास्त्रा'च्या कालनिर्णयाच्या वादात त्याचा पुरावा म्हणून उपयोगही झाला आहे. हिंदीतील 'सुरंग' आजही बोगद्याचा अर्थ सांभाळून आहे. मराठीत मात्र पोकळी मागे पडली आणि पोकळीत ठासलेली दारू पुढे आली.

दारू येण्यापूर्वी खडक फोडण्याचा मार्ग अग्नीचाच होता, पण संथ. खडकाला जाळ लावून तो तापवायचा, त्यावर पाणी ओतायचे आणि तडकलेला दगड पहारीने उकलायचा. युरोपातील खाणीत दारूच्या साहाय्याने खडक फोडल्याची पहिली ठाम नोंद १६२७ सालची, आजच्या स्लोव्हाकियातील बान्स्का श्त्यावनित्सा (तेव्हाचे शेम्निट्झ) येथील आहे. पुढची दोनशे वर्षे मूळ अडचण एकच राहिली: भोकाच्या तळाशी असलेल्या दारूपर्यंत आग पोहोचवायची कशी, आणि ती पोहोचेपर्यंत माणसाला दूर जायला अवधी मिळेल याची खात्री कशी द्यायची? गवताच्या काड्या किंवा हंसाची पिसे पोकळ करून त्यांत दारू भरत आणि ती पेटवत. अशी वात कधी क्षणात जळे, कधी वाटेतच रेंगाळे. रेंगाळलेली वात विझली असे समजून माणूस पाहायला परत जाई, आणि तेवढ्यात बार उडे.

इंग्लंडमधील कॉर्नवॉल प्रांतात कातड्याचा व्यापार करणाऱ्या विल्यम बिकफर्डने यावर उपाय शोधला तो दोर वळणाऱ्या कारागिराचे काम पाहून. सुताचे पदर वळताना त्यांच्या गाभ्यात दारूची बारीक धार सोडायची, आणि वरून लेप देऊन पाण्यापासून बचाव करायचा. १८३१ साली त्याने या 'सुरक्षा-वाती'चे एकस्व घेतले. फूटभर वात जळायला सुमारे ३० सेकंद लागत. स्फोटाची शक्ती त्याने कणभरही वाढवली नाही. वाढवला तो माणसाच्या हाती असलेला वेळ. सुरक्षेच्या इतिहासातील पुढचे बहुतेक शोध याच जातीचे आहेत.

वातीचा प्रश्न सुटला तरी ठासणीचा उरलाच होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिशजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम फिनिअस गेज भोकात दारू ठासत होता. लोखंडी पहारीची ठिणगी पडली, आणि ३ फूट ७ इंच लांबीची, १३ पौंडांहून जड अशी ती पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला आणि १८६० पर्यंत जगला. गेजचे नाव आज मेंदूविज्ञानाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते: मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली आणि माणसाचा स्वभाव पालटला, या प्रतिपादनाचा दाखला म्हणून. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या संग्रहात जपलेली आहे. परंतु ही घटना मुळात कामावरच्या अपघाताची आहे, हे त्या वाचनात जवळजवळ पुसले गेले. दारू ठासायला लोखंड वापरू नये, दांडा लाकडासारख्या ठिणगी न पाडणाऱ्या पदार्थाचा असावा, हा आज सर्वत्र मान्य असलेला नियमही गेजच्या कथेचा उत्तरार्ध आहे. तो कुणी त्या कथेला जोडून वाचत नाही. गेज वाचला म्हणून त्याची कथा झाली. जे वाचले नाहीत त्यांचे फक्त नियम झाले.

गेजनंतर दशकभरातच सह्याद्रीत याहून फार मोठे काम सुरू झाले. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे! डायनामाइट अजून जन्माला यायचे होते. काळ्या कातळात छिन्नी-घणाने हाताने भोके पाडायची आणि साधी दारू ठासायची. जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडले जाई. १८६१ च्या सुमारास या घाटात ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीसारख्या साथींनी त्यांची दैना केली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारल्यानंतर काम पुढे नेणाऱ्या त्यांच्या पत्नी ॲलिस यांचेही आहे. इंग्रजांना वाट दाखवली आणि मोबदल्यात मरण मिळाले, अशी कथा ज्याच्याविषयी सांगतात त्या शिंगरोबा धनगराला लोकपरंपरेने घाटात देऊळ दिले. वाट दाखवणारा देव झाला. दोराला लोंबकळत भोक पाडणाऱ्याच्या वाट्याला आख्यायिकाही आली नाही.

बोरघाटाचे काम संपत आले तेव्हा आल्फ्रेड नोबेल नायट्रोग्लिसरीन काबूत आणण्याच्या खटपटीत होता. १८६४ मध्ये स्टॉकहोममधील त्याच्या कामाच्या जागी झालेल्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल मारला गेला. १८६७ मध्ये डायनामाइटचे एकस्व मिळाले. डायनामाइट हाताळायला सोपे होते, कारण त्यात नायट्रोग्लिसरीन सच्छिद्र मातीत मुरवलेले होते, आणि ते उडवायला वेगळी टोपी, म्हणजे डेटोनेटर, लागे. पण त्यामुळे न उडालेल्या बाराचे स्वरूपही पालटले. भिजलेली दारू निरुपयोगी होते. भोकात राहून गेलेले डायनामाइट आणि टोपी मात्र दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पहारीची वाट पाहत राहतात.

आता भारतातील खाण-विनियमांकडे वळू. कागदावर ही अत्यंत रूक्ष भाषा आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने ती एकदा सावकाश वाचावी. बार उडताना ते मोजावेत. सगळे उडाल्याची खात्री नसेल तर एक राहिला आहे असेच धरावे. वात वापरली असेल तर ३० मिनिटे जवळ जाऊ नये. विजेने उडवले असतील तर तारा सोडवून ५ मिनिटे थांबावे. या दोन आकड्यांतील फरकात पिसाच्या वातीचा सगळा इतिहास आहे: वीज तोडली की तुटते, वात मात्र आत धुमसत राहू शकते. न उडालेले भोक उकरू नये. त्यापासून किमान ३० सेंटिमीटरवर, त्याला समांतर दुसरे भोक पाडून ते उडवावे. समांतरच का? कारण तिरके भोक कुठेतरी पहिल्याला गाठते. जुन्या भोकाच्या उरलेल्या बुडख्यात पुन्हा भोक पाडू नये. प्रत्येक वाक्य कर्त्याविना आहे, आणि प्रत्येक वाक्याआड ते पहिल्यांदा चुकलेला कुणीतरी आहे.

नियम कुणाला आठवतात, तसेच कुणाला कसे मोजतात, हेही वाचण्यासारखे आहे. सुरुंगाचा हादरा जमिनीतून घरांपर्यंत पोहोचतो. त्याचे मोजमाप जमिनीच्या कणांच्या कमाल वेगावरून, सेकंदाला इतके मिलिमीटर, असे करतात. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९७१ मध्ये सेकंदाला २ इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर, ही मर्यादा सुचवली होती. कमी वारंवारतेचे हादरे घरांना अधिक बाधतात हे स्पष्ट झाल्यावर १९८० च्या अहवालात अशा हादऱ्यांसाठी ती बरीच खाली आली. जुन्या गिलाव्याच्या घरांसाठी अर्ध्या इंचावर. भारतात खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ मध्ये परिपत्रक काढले. त्यात सर्वांत कमी वारंवारतेच्या हादऱ्यांसाठी ऐतिहासिक वास्तूंना २ मिलिमीटर आणि राहत्या घरांना ५ मिलिमीटर अशी मर्यादा आहे. पण घर खाणमालकाच्याच मालकीचे असेल, तर ५ ऐवजी १०. मालकाने स्वतःच्या मालमत्तेचा धोका पत्करला आहे आणि त्या इमारतींचे आयुष्यही मर्यादित आहे, हे त्यामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. परंतु खाणमालकाच्या मालकीच्या घरात राहते कोण? बहुधा खाणकामगार. भिंत मालकाची, म्हणून तिच्या आत झोपलेल्या माणसाने दुप्पट हादरा सोसावा, असे त्या तक्त्यात कुठेही लिहिलेले नाही. तक्ता फक्त तसा भरला आहे.

यातून संशोधनाला कमी लेखण्याचा हेतू नाही. मिलिसेकंदांच्या अंतराने भोके उडवण्याची पद्धत, विजेविना चालणाऱ्या नळीच्या वाती, इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर, या सर्वांनी असंख्य जीव वाचवले आहेत. या शोधांचा इतिहास लिहिताना शोधकांची नावे येतात, ती यायलाच हवीत. पण ज्यांच्या चुकीतून वा नाइलाजातून नियम घडला त्यांची नावे मिळत नाहीत, आणि म्हणून नियमच त्यांचा दस्तऐवज म्हणून वाचावा लागतो. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला दगड फोडणाऱ्या हातांची ओळख करून दिली. त्या आत्मकथनांच्या शेजारी वर्गात एखादे खाण-विनियमाचे पानही ठेवायला हरकत नाही. विद्यार्थ्यांना सांगावे: या वाक्यांना कर्ता द्या.