नाक, डोके आणि वंशावळ

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तांत जपून ठेवलेला असतो. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणता पूर्वज कोणत्या सरदाराबरोबर इकडे आला, हे त्यात सापडते. त्यापलीकडे कागद मुका होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही विद्वानांना वाटले, की कागद संपतो तिथे शरीराचे माप बोलू लागते.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे त्यांतले एक. नाकाची रुंदी आणि लांबी, डोक्याची रुंदी आणि लांबी, यांच्या गुणोत्तरांवरून त्यांनी हिंदुस्थानातील लोकांचे वंश ठरवले. पश्चिम हिंदुस्थानात रुंद डोकी आढळली, म्हणून मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कूर्गचे लोक त्यांनी ‘शक-द्राविड’ या एका कप्प्यात बसवले. म्हणजे तुमचे-आमचे पूर्वज शक! मुख्य आधार काय, तर रुंद डोके.

या मोजणीला गणिताची शिस्त लागली, तिचा एक धागा नागपूरचा आहे. १९२० मध्ये तिथे भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांची मापे तपासायला सुचवले. त्या कामातूनच पुढे त्यांचे प्रसिद्ध ‘डी-स्क्वेअर’ अंतर आकाराला आले. त्याचा सविस्तर निबंध १९३६ चा. कल्पना साधी आहे. उंच माणसाचे हातही लांब असतात. उंची आणि हात वेगवेगळे धरले, तर एकच फरक दोनदा मोजला जातो. महालनोबिसांचे सूत्र मापांमधले असे परस्परसंबंध हिशेबात घेते आणि गटाच्या आतली विविधताही ध्यानात ठेवते. १९३३ मध्ये त्यांनी रिस्ले यांचे बंगालमधले आकडेही नव्याने तपासले होते.

पण अंतर म्हणजे वंशावळ नव्हे, हे तुम्ही विसरू नका. दोन गट जवळ दिसतात ते समान पूर्वजांमुळे, आपसातल्या विवाहांमुळे, की सारख्या अन्नपाण्यामुळे, हे नुसता आकडा सांगत नाही. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी स्थलांतरितांची मुले मोजली, तेव्हा डोक्याचा आकार एका पिढीतही बदलतो असे त्यांना दिसले होते.

आपल्याकडे इरावती कर्वे यांनी हीच मापे हाती घेऊन वेगळा प्रश्न विचारला. एका जातिनावाखाली येणारे गट खरोखर एकाच मुळापासून फुटले का? १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. नाव एक असले, तरी हे गट आपसांत बरेच भिन्न निघाले. एका जातीच्या फांद्या होण्याऐवजी वेगवेगळे गट एका नावाखाली आले असावेत, ही त्यांची मांडणी होती.

म्हणून कुलवृत्तांत जरूर जपा. त्यातली गावे, नाती आणि प्रवास हा आपला ठेवा आहे. मात्र कुणी नाकाडोक्यावरून तुमचे कूळ थोर किंवा हलके ठरवू लागला, तर त्याला एवढेच विचारा: बाबा रे, तू मोजलेस काय आणि त्यावरून ठरवतोस काय?